रिकाम्या खिशांचा कोट

मित्रांनो, आधी हात दाखवा. दोन्ही. पालथे नकोत, उताणे. हं, आता बसा.

राग मानू नका. मी एक जुना लोकरी कोट आहे आणि माझ्या खिशाकडे येणाऱ्या प्रत्येक हाताचा मला संशय येतो. तुम्ही म्हणाल, कतारमधल्या दोह्यासारख्या गावात लोकरी कोटाच्या खिशात कोण कशाला हात घालील? खरं आहे. इथे माझा उपयोग शून्य. बारा महिने मी ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतल्या एका घरात, कपाटात लटकलेला असतो आणि बाहेर एसीची घरघर चालू असते. पण खिशाची खोडी काढायला थंडीच लागते असं कोणी सांगितलं?

आता दुसरी शंका. परदेशी कोट मराठी कसा बोलतो? तर आमच्या कपाटामागची भिंत शेजारच्या नीताच्या स्वयंपाकघराची आहे. अकरा वर्षे मी त्या भिंतीला पाठ लावून आहे. "अगं ए नुपूर, गॅस बंद केलास का?" हे मी शिकलेलं पहिलं मराठी वाक्य. नीता पुण्याची, तिचा नवरा शौनक नाशिकचा. तो तेलाच्या कंपनीत कामाला आहे आणि महिन्यातले पंधरा दिवस समुद्रातच असतो. मुलगी नुपूर चौदा वर्षांची. तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते, हे मला कपाटात बसूनही खटकतं.

माझा जन्म मात्र पॅरिसचा. तिथल्या एका अरुंद गल्लीतल्या शिंप्याने मला बेतलं. राखाडी रंग, आत काळं अस्तर, बाहेर दोन खिसे आणि आत छातीशी एक. लख्दर नावाच्या अल्जेरियन माणसाने मन मारून, पुष्कळ दिवस वाट पाहून मला घेतलं. तो मोटारीच्या कारखान्यात काम करायचा आणि शहराबाहेर चिखलातल्या पत्र्याच्या वस्तीत राहायचा. मला तो फक्त ईदला आणि लग्नकार्याला घालायचा. त्याची सात वर्षांची मुलगी हमिदा रस्त्याने चालताना हात गारठले की माझ्या उजव्या खिशात घालायची. तेवढ्या एका हाताचा मी कधी संशय घेतला नाही.

त्या वेळी अल्जेरियावर फ्रान्सचं राज्य होतं आणि स्वातंत्र्याचं युद्ध पेटलेलं होतं. ऑक्टोबरात पॅरिसमध्ये फर्मान निघालं की अल्जेरियन लोकांनी रात्री साडेआठपासून पहाटे साडेपाचपर्यंत रस्त्यावर दिसू नये. फक्त अल्जेरियन लोकांनी! लोकांनी ठरवलं की मोर्चा काढायचा, बायकामुलांसह, चांगले कपडे घालून, एकाही माणसावर हात न उचलता. सतरा ऑक्टोबर एकोणीसशे एकसष्ट. लख्दरने मला ब्रशने झाडलं, बटणं लावली. वस्तीच्या तोंडाशी मोर्चाचेच कार्यकर्ते प्रत्येकाचे खिसे तपासत होते. "चाकू नको, काठी नको, टाचणीसुद्धा नको," असं ते म्हणत होते. लख्दरने पेन्सिल तासायचा छोटा चाकू काढून ठेवला, किल्ली काढून ठेवली, हमिदाची केसांची पिन खिशात राहिली होती तीही काढून तिच्या आईच्या हातात दिली. माझे तिन्ही खिसे मी जन्मात पहिल्यांदा इतके रिकामे पाहिले. मला, खरं सांगतो, फार अभिमान वाटला.

पाऊस पडत होता. शहरात शिरायच्या पुलावर पोलीस उभे होते. दांडके चालू लागले तेव्हा लख्दरने दोन्ही हात वर केले. एका पोलिसाने एका हाताने माझी कॉलर धरली, दुसऱ्याने माझे खिसे चाचपले. डावा, उजवा, मग आतला. काही नव्हतं. काही नाही हे त्या हाताला कळलं, मलाही ते कळल्याचं कळलं. वाटलं, आता सोडतील. मी बावळट! चौघांनी त्याला कठड्यावर उचललं. कॉलर धरणाऱ्याने कॉलर सोडली नाही. माझा खांदा टर्रकन फाटला, दोन बटणं उडाली, आणि लख्दर माझ्या बाह्यांमधून निसटून खाली नदीत गेला. मी वर राहिलो.

कोटाचं काम काय असतं, सांगा. माणसाला धरून ठेवायचं. मला ते जमलं नाही. हे मी चौसष्ट वर्षांत कोणाला बोललो नव्हतो.

सकाळी वस्तीतल्या एकाने मला कठड्यावरून उचलून घरी आणलं. लख्दर परत आला नाही. हमिदाची आई कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. तिला सांगण्यात आलं की असं नाव कुठल्याच यादीत नाही. मोर्चातल्या लोकांनीच आधी गोळीबार केला, अशी बातमी उठवली गेली होती. सरकारने सांगितलं, दोन-तीन माणसं मेली. नंतर कोणी म्हणालं काही डझन, कोणी म्हणालं शंभरावर. नक्की आकडा आजही कोणाला ठाऊक नाही, कारण कागदपत्रं वर्षानुवर्षं कुलपात होती. तेव्हापासून कोणी फार ठासून काही सांगू लागलं की मला वाटतं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या वर्षी अल्जेरिया स्वतंत्र झाला. मायलेकी मायदेशी गेल्या, मी ट्रंकेत. हमिदा गणिताची शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं, ती आजी झाली, विधवा झाली. मुलगा गॅसच्या कंपनीत लागून दोह्याला आला तेव्हा तीही आली. सामान आवरताना तो म्हणाला, "आई, तिथे कोट काय करायचाय?" ती म्हणाली, "तू तुझं सामान बघ." ट्रंकेत, कपाटात, बोटीत, विमानात तिने माझ्या खिशात कधी काही ठेवलं नाही. डांबराची गोळीसुद्धा नाही. कसर लागू नये म्हणून ती मला वर्षातून दोनदा बाल्कनीत टांगायची, खिसे उलटे करून झटकायची आणि पुन्हा सरळ करायची.

आणि आता, मित्रांनो, खरी गोष्ट. यंदा सप्टेंबरात हमिदाची नात इनाया मोबाईल घेऊन तिच्यासमोर बसली. इनाया पंधरा वर्षांची, डोळ्यांत तेल घालून वाचणारी. ती म्हणाली, "जद्दा, इथे लिहिलंय की त्या मोर्चातल्या लोकांकडे हत्यारं होती. तू म्हणतेस काही नव्हतं. मी कोणाचं खरं मानू?" जद्दा म्हणजे त्यांच्याकडची आजी. सगळ्या जगाने विश्वास ठेवला नाही ते तिने पचवलं होतं. नातीने ठेवला नाही, तर मात्र तिचा बाप दुसऱ्यांदा बुडणार होता. माझा जीव टांगणीला लागला. तसा तो असतोच, पण या वेळी जास्त.

हमिदाने ठरवलं की सतरा ऑक्टोबरला संध्याकाळी शेजारपाजारच्या चार घरांना बोलवायचं, मला मधोमध टांगायचं, सगळं सांगायचं आणि सर्वांसमोर माझे खिसे उलटे करून दाखवायचे. तिच्याजवळ दुसरा पुरावा नव्हता. फोटो नाही, प्रेत नाही, कागद नाही. होते ते माझे तीन रिकामे खिसे.

पण माझ्या कॉलरमागची टांगायची पट्टी तुटली होती. बुधवारी हमिदा मला घेऊन नीताकडे गेली, कारण नीताकडे शिलाई मशीन आहे. "एवढी पट्टी लावून दे," ती म्हणाली. "खांद्याला हात लावू नकोस. तो फाटलेलाच राहू दे." नीताने का म्हणून विचारलं नाही. "हो आंटी, दिवाळीचा फराळ चाललाय, पण उद्या करते," म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी परक्या घरात आलो. भाजणीच्या वासाने माझं अस्तर भरून गेलं.

त्या घरात एक म्हातारा बसला होता. शौनकचे वडील अनंतराव, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. निवृत्त फौजदार! त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुणाचा हा? फाटलाय कसा?"

नीताने तिला माहीत होतं तेवढं सांगितलं. मोर्चा, पोलीस, नदी.

"हं," अनंतराव म्हणाले. "पोलीस उगाच मारत नसतात, सूनबाई. काहीतरी असणार त्यांच्याकडे. लोक आपली बाजू सांगतात."

ऐकलंत? चौसष्ट वर्षे आणि अर्धी पृथ्वी ओलांडून मी आलो, आणि पुन्हा तेच वाक्य, तेही चकलीचा तुकडा मोडता मोडता. माझी तर तळपायाची आग कॉलरला गेली.

दुपारी नीता बाजारात गेली. साडेचारच्या सुमारास अनंतराव उठले. "नुपूर, इकडे ये. परक्याची वस्तू घरात आली की तपासून घ्यावी. परदेशात तर घ्यावीच." त्यांनी मला टेबलावर पसरलं. मग ते हात आले. डावा खिसा, उजवा खिसा, आतला खिसा. तोच क्रम, मित्रांनो! अगदी तोच. हे हात मला ओळखीचे वाटले आणि मी लोकरीच्या धाग्याधाग्यातून शहारलो. चाचपून झाल्यावर त्यांनी डायरी काढून काहीतरी लिहिलं आणि नुपूरला सही करायला लावली. "व्हॉट इज धिस, आजोबा? अ गेम?" ती हसत म्हणाली. "असंच समज," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, हा माणूस माझ्याविरुद्ध काहीतरी तयार करतोय.

गुरुवारी नीताने पट्टी छान शिवली, खांद्याला बोटही लावलं नाही. मी जरा निवळलो होतो. पण घडी घालताना ती थबकली आणि स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई, रिकामा कसा परत करायचा?"

तुम्हाला ही रीत ठाऊक आहेच. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. हमिदा त्यांच्याकडच्या रव्याच्या कुसकुसचा डबा पाठवायची, तर तो लाडू घेऊन परत यायचा. भिंतीपलीकडून मी हे शंभरदा ऐकलं होतं. पण मी काय डबा आहे? त्यातून दुसऱ्या दिवशी वसुबारस, दिवाळी सुरू. नीताने खडीसाखरेची छोटी पुडी केली, माझ्या आतल्या खिशात सारली, आणि ती पडू नये म्हणून बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून खिशाचं तोंड आतून टाचलं. "तोंड गोड होईल आंटींचं," म्हणाली.

मी ओरडलो असतो तर! अगं, पिन नको, पिन नको, टाचणीसुद्धा नको! पण कोटाला तोंड नसतं. त्यातून तिचं मन इतकं निर्मळ की मला धड संशयही घेता येईना. हमिदाने घडी केलेल्या मला हातात घेतलं, शुक्रन म्हणत नीताचे आभार मानले आणि मला तसंच कपाटात ठेवलं.

शुक्रवार उजाडला, सतरा तारीख. संध्याकाळी हमिदाच्या हॉलमध्ये वीसेक माणसं जमली. तीन-चार अल्जेरियन कुटुंबं, समोरच्या घरातली रबिया, नीता, नुपूर, आणि कोचाच्या टोकाला अनंतराव. हे कशाला आले, मला कळेना. मी दिव्याखाली हँगरवर होतो.

हमिदा इंग्रजीत बोलली. वस्तीबद्दल, चिखलाबद्दल, ईदबद्दल. आवाज कुठेही कापला नाही, कारण ती शिक्षिका होती. शेवटी म्हणाली, "त्यांना सांगितलं होतं, टाचणीसुद्धा नको. इनाया, तू ये. तुझ्या हाताने खिसे उलटे कर."

इनाया उठली. डावा खिसा, काही नाही. उजवा खिसा, काही नाही. मग तिने आतल्या खिशात हात घातला आणि "आऊच!" करून बाहेर काढला. बोटाच्या टोकावर रक्ताचा ठिपका होता. तिने दुसऱ्या हाताने खिसा चाचपला, पुडी निघाली, खडीसाखर फरशीवर सांडली, लहान मुलं हसली. आणि पाठोपाठ ती चकचकीत पिन.

"जद्दा," इनाया म्हणाली, "ही पिन आहे."

हमिदा पिनेकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी विसरणार नाही. तिला स्वतःचाच संशय आला. आयुष्यभर मी खिसे झटकले, मग ही कुठे राहिली? बाबा खोटं बोलले होते का? ती खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसली.

"मी! मी ठेवली ती," नीता धडपडत उभी राहिली. "काल, साखरेच्या पुडीला लावली. आमच्यात रिकामं परत करत नाहीत. आंटी, माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे. सॉरी, अहो, खरंच सॉरी!"

इनायाने तिच्याकडे पाहिलं, मग आजीकडे. "आंटी, तुम्ही खूप चांगल्या आहात," ती हळूच म्हणाली. "जद्दाला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही हे म्हणताय."

नीताला रडू फुटलं. काय करील बिचारी? तिच्या चांगुलपणामुळेच तिचं खरं कोणाला पटेना. मी आयुष्यभर वाईट माणसांवर संशय घेत आलो. चांगल्या माणसावरही असा संशय येऊ शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"सूनबाई, बसा," कोचाच्या टोकावरून आवाज आला. अनंतराव उभे राहिले आणि शर्टाच्या खिशातून डायरी काढून त्यांनी खड्या आवाजात मराठीत वाचलं: "बुधवार, दुपारी साडेचार. एक जुना गरम कोट, रंग राखाडी. डावा खांदा कॉलरपासून वीतभर फाटलेला. दोन बटणे नाहीत. बाहेरचे दोन व आतला एक असे तिन्ही खिसे तपासले असता काही मिळून आले नाही. पंच म्हणून नुपूर हिची सही." त्यांनी चष्मा काढला. "नुपूर, सांग यांना."

नुपूरने इंग्रजीत सांगितलं. "मी तिथे होते," ती म्हणाली. "खिसे रिकामे होते. मला वाटलं खेळ आहे, म्हणून सही केली."

मित्रांनो, ज्याला मी कावेबाज समजत होतो त्याच्या संशयाने आम्हाला वाचवलं! हमिदाने डोळे मिटले. पण इनाया गणिताच्या शिक्षिकेची नात. ती म्हणाली, "यातून बुधवारचं कळतं. एकसष्ट सालचं कसं कळणार?"

नुपूरने ते मराठीत आजोबांना सांगितलं. अडखळत, पण मराठीत. अनंतरावांनी डायरी मिटली.

"बरोबर विचारलंस, पोरी," ते म्हणाले. "मीही बुधवारी हेच म्हटलं होतं, काहीतरी असणार त्यांच्याकडे. काल रात्रभर डोक्यात तेच. मी पस्तीस वर्षं पोलिसात काढली. हत्यार मिळालं की आम्ही काय करतो माहीत आहे? टेबलावर मांडतो. फोटो काढतो. पेपरवाल्यांना बोलावतो. तिथे हजारो माणसांची झडती झाली. मिळालं असतं, तर जगाला दाखवलं असतं. मिळत नाही ना, तेव्हाच नुसतं तोंडाने म्हणायचं असतं, की होतं. मला माहीत आहे. कारण मी म्हटलेलं आहे."

नुपूर भाषांतर करायची थांबली. "आजोबा," ती म्हणाली, "हे पण सांगू?"

"सांग. सगळं सांग." अनंतराव म्हणाले. "एका तालुक्याच्या गावी मोर्चा होता. पाण्यासाठी. लाठीमार झाला, एक पोरगा जागेवर गेला. झडती मीच घेतली. खिशात बसचं तिकीट होतं फक्त. साहेब म्हणाले, लिहा. मी लिहिलं, खिशात चार दगड मिळून आले."

नुपूरने ते एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं.

"काय नाव होतं त्याचं?" इनायाने विचारलं.

"मी लिहिलं होतं की गं," अनंतराव म्हणाले. "माझ्याच हाताने लिहिलं होतं. आठवत नाही." आणि तो म्हातारा फौजदार सगळ्यांसमोर रडला.

मला त्यांची दया आली का? खोटं कशाला बोलू, आली नाही. पण मला तिथून नजरही वळवता आली नाही.

इनायाने पुढे होऊन त्यांच्या हातातली डायरी आणि पेन घेतलं. कोरं पान काढलं आणि आजीच्या पायाशी बसली. "अंकल," तिने विचारलं, "तुम्ही सगळ्यात आधी काय लिहिता?"

"नाव," अनंतराव डोळे पुसत म्हणाले. "मग वय. धंदा. राहणार कुठला."

"जद्दा," इनाया म्हणाली, "पणजोबांचं पूर्ण नाव सांग."

हमिदाने सांगितलं. चौसष्ट वर्षांत कोणी तिला ते लिहून घेण्यासाठी विचारलं नव्हतं. लख्दर बेन सालेम. वय एकतीस. धंदा, मोटारीच्या कारखान्यात कामगार. राहणार, पॅरिसजवळची पत्र्याची वस्ती, घराला नंबर नाही. इनाया एकेक शब्द परत म्हणून दाखवत होती आणि लिहीत होती. तिने एकदाही "कशावरून?" असं विचारलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांना जपा, ऊन दाखवा, कसरीपासून सांभाळा. फाटलेलं सगळंच रफू करू नका, कशामुळे फाटलं ते आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि ते सांगतील तेव्हा कागद घेऊन बसा. खिशात काही सापडलं तर लिहा, काही सापडलं नाही तर तेही लिहा, आणि ज्याचा खिसा असेल त्याचं नाव सगळ्यात आधी लिहा. नाव राहून गेलं, की मग कोण आठवणार?